फेजची फोड

अमेरिकेतल्या बहुतेक घरांना जी वीज मिळते, तिला तिकडे 'स्प्लिट-फेज' म्हणतात. नावात फेज आहे आणि फूटही आहे, पण त्या घरात फेजची कसलीही फूट होत नाही. उलट आपल्या छताला टांगलेल्या पंख्यात एका फेजचे खरोखर दोन केले जातात आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही. नाव एकीकडे आणि काम दुसरीकडे असे का झाले, हे शोधायचे तर 'फेज' या शब्दामागे थेट चंद्रापर्यंत जावे लागते.

ग्रीक भाषेत 'फासिस' म्हणजे दिसणे, प्रकट होणे. 'फिनॉमेनन' हा शब्द त्याच धातूचा. खगोलावर लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांनी 'फासिस' चंद्राच्या बदलत्या रूपांसाठी वापरला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत 'फेज' हे त्याचे एकवचन रूढ झाले. चंद्र आज जेवढा दिसतो, ती त्याची फेज. म्हणजे नेमकी आपली कला! संस्कृतात कला म्हणजे चंद्रबिंबाचा सोळावा अंश, आणि मराठीत चंद्र कलेकलेनेच वाढतो. (काळ्या लुगड्याला चंद्रकळा म्हणणाऱ्या बायकांनी हा शब्द आकाशातून थेट कपाटात आणला.) विज्ञानाची परिभाषा घडवणाऱ्यांनी 'फेज'ला 'कला' हा प्रतिशब्द दिला. त्यातून हिंदीत 'कलांतर' आले, मराठीत 'एककला' आणि 'त्रिकला' आले. परिभाषेतले कितीतरी शब्द घाईत पाडलेले वाटतात. हा तसा नाही. दोन दूरच्या भाषांनी एकाच चंद्राकडे पाहून घडवलेले दोन शब्द इथे एकमेकांना भेटले आहेत. शिवाय जुन्या ज्योतिषगणितात कला हे कोनाचेही माप आहे: साठ कलांचा एक अंश. विजेतली फेजही अंशांतच मोजतात, त्यामुळे हा शब्द तिथे परका राहत नाही.

विजेला चंद्राचा शब्द का लागला? कारण घरात येणारा विजेचा दाब स्थिर नसतो. तो शून्यावरून चढतो, शिखर गाठतो, उतरून शून्याच्या खाली जातो आणि पुन्हा वर येतो. असे फेरे आपल्याकडे सेकंदाला ५० होतात, अमेरिकेत ६०. या फेऱ्यात दाब या क्षणी कुठे आहे, ती त्याची कला. दोन लाटा एकाच क्षणी शिखरावर पोचत असतील तर त्या एका कलेत आहेत. दुसरी लाट एक तृतीयांश फेरा मागे असेल तर त्यांच्यात १२० अंशांचे अंतर आहे. आपल्या ५० फेऱ्यांच्या हिशेबाने हे अंतर सेकंदाच्या दीडशेव्या भागाएवढे होते. असे तीन दाब एकामागून एक ठेवले की झाले थ्री-फेज.

इथपर्यंत शब्द स्वच्छ आहे. गुंता सुरू होतो तो वायरमनच्या तोंडी. 'टेस्टर लावून फेज कुठली ते बघ' असे तो म्हणतो तेव्हा त्याला वेळ अभिप्रेत नसते, लाटही नसते. त्याला तार म्हणायची असते, हात लावला तर झटका देणारी. चंद्राच्या कलेचा शब्द लाटेची स्थिती झाला, त्या लाटेच्या मंडलाचे नाव झाला आणि शेवटी एका लाल-पिवळ्या-निळ्या वेष्टणाच्या तारेवर येऊन बसला. 'फेज गेला' आणि 'फेज गेली' अशी दोन्ही रूपे कानावर पडतात. ज्याच्या मनात तार असते तो बहुधा 'गेली' म्हणतो.

हे अर्थ एकमेकांवर कसे आपटतात ते पाहायचे तर विहिरीवरच्या मोटारीकडे जावे. तीनपैकी एक फेज गेला की शेतकरी म्हणतो, 'दोनच फेज आहेत.' त्याच घटनेला इंजिनिअर 'सिंगल-फेजिंग' म्हणतो. स्टार्टरच्या पेटीत जे संरक्षक उपकरण बसवतात, त्याचे नावही 'सिंगल फेज प्रिव्हेंटर'. एक जण दोन म्हणतो, दुसरा एक म्हणतो, आणि चुकीचे कोणीच नाही. शेतकरी तारा मोजतो आहे आणि त्या दोन शिल्लक आहेत. इंजिनिअर मोटारीला मिळणारे दाब मोजतो आहे. मोटारीला न्यूट्रल नावाची चौथी तार जोडलेली नसते. तिच्यापर्यंत दोनच तारा पोचत असतील तर त्या दोन तारांमधला दाब एकच असणार, लाट एकच असणार. एका लाटेवर मोटारीच्या आतले चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे होते. म्हणून बंद मोटार सुरू होत नाही; ती गुरगुरते, तापते आणि वेळेवर बंद केली नाही तर जळते.

दोन जिवंत तारा आणि फेज एकच. अमेरिकेतले घरही नेमके असेच आहे.

तिथे निवासी वस्तीतल्या खांबावर पिंपासारखा दिसणारा लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो मोजक्या घरांना पुरतो. त्याला वरून बहुतेक ठिकाणी ७,२०० व्होल्टची एकच उच्चदाब तार येते. पिंपात लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात आणि दोघांमध्ये तारेचा सांधा नसतो. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह सतत उलटसुलट होतो, त्यामुळे गाभ्यातले चुंबकत्व बदलत राहते, आणि त्या बदलत्या चुंबकत्वामुळे दुसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने ऑगस्ट १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हेच पाहिले होते. दाब किती मिळणार हे वेढ्यांच्या प्रमाणावर ठरते. पहिल्या वेटोळ्याचे वेढे दुसऱ्याच्या तीसपट असले की ७,२०० चे २४० व्होल्ट होतात. आता या २४० व्होल्टच्या वेटोळ्याच्या बरोबर मधोमध एक तार काढून ती जमिनीला जोडली, की घराकडे तीन तारा निघतात: दोन टोकांच्या दोन आणि मधली एक. मधली आणि कोणतेही टोक यांच्यात १२० व्होल्ट, दोन टोकांमध्ये २४०. दिवे, संगणक आणि साधे प्लग १२० वर चालतात. ओव्हन, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि पाणी तापवण्याची टाकी २४० वर.

मधल्या तारेपासून मोजले तर दोन टोकांच्या लाटा एकमेकींच्या बरोबर उलट दिसतात, १८० अंशांच्या अंतराने. त्यावरून काही जण याला 'टू-फेज' म्हणतात आणि वाद सुरू होतो. पण रस्त्याच्या मधोमध उभे राहून पूर्वेला १२० पावले आणि पश्चिमेला १२० पावले मोजली, तर रस्ते दोन होत नाहीत. मोजणाऱ्याने तोंड फिरवले एवढेच. इथेही वेटोळे एक, गाभा एक, चुंबकत्वाचा चढउतार एक. दुसरी लाट पहिलीच्या मागून येत नाही. दोन्ही एकाच क्षणी शिखरावर असतात, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या. याची कसोटी सोपी आहे: या तीन तारांवर फिरते चुंबकीय क्षेत्र करून दाखवा. पंख्यासारखा काही वेगळा उपाय केल्याशिवाय ते होत नाही. विहिरीवरच्या त्या दोन तारांवर होत नाही, तसेच.

खरी टू-फेज वीज होऊन गेली आहे. नायगारा धबधब्यावर १८९५ मध्ये चालू झालेली वेस्टिंगहाउस कंपनीची प्रचंड जनित्रे टू-फेज होती. तिथे दोन लाटांमध्ये पाव फेऱ्याचे, म्हणजे ९० अंशांचे अंतर होते, आणि त्या दोन लाटांवर मोटार स्वतःच्या बळावर सुरू होत असे. पुढे थ्री-फेजने तिला मागे टाकले. फिलाडेल्फियासारख्या शहरात मात्र जुन्या ग्राहकांसाठी ती फार काळ टिकली. 'द्विकला' हा शब्द वापरायचाच असेल तर तो या पद्धतीसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

मग 'स्प्लिट-फेज' हे नाव आले कुठून? गंमत अशी की ही रचना विजेतल्या फेजपेक्षा जुनी आहे. एडिसनने सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज द्यायला सुरुवात केली तेव्हा ती एकाच दिशेने वाहणारी होती, दोन तारांची, ११० व्होल्टच्या आसपासची. जमिनीखालच्या तारांसाठी लागणाऱ्या तांब्याचा खर्च त्याला झेपेना. उपाय निघाला तो असा: दोन जनित्रे एकामागे एक जोडायची, बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट ठेवायचे आणि दोघांच्या सांध्यातून एक मधली तार काढायची. दिव्यांना ११० च मिळतात, पण तारांतून वीज २२० ने वाहते. दाब दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो, आणि दाबातली घट त्याच प्रमाणात चालणार असेल तर बाहेरच्या तारा एक चतुर्थांश छेदाच्या पुरतात. मधली तार त्यांच्याएवढीच धरली तरी एकूण तांबे ३७.५ टक्क्यांवर येते. ४ जुलै १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात ही पद्धत सुरू झाली. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सननेही स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली होती. तेव्हा तिचे नाव होते 'थ्री-वायर', तीन तारांची पद्धत. एकदिश विजेत लाटच नसते, तर फेज कुठून असणार? पुढे ट्रान्सफॉर्मर आला, उलटसुलट वीज आली, तारांची मांडणी तीच राहिली आणि नाव मात्र बदलले.

मला जुने नाव जास्त खरे वाटते. खांबाखाली उभे राहून वर पाहिले तर जे दिसते, तेच ते सांगते.

मधल्या तारेला सगळीकडे न्यूट्रल म्हणतात, आणि हा शब्द लॅटिन व्याकरणातून आला आहे. 'ने' म्हणजे नाही आणि 'उतेर' म्हणजे दोघांपैकी एक; 'नेउतेर' म्हणजे दोघांपैकी कोणतेच नाही. आपण ज्याला नपुंसकलिंग म्हणतो, त्याला लॅटिन पंडित याच शब्दाने ओळखत. एडिसनच्या तीन तारांत एक धन होती, एक ऋण आणि मधली दोन्हीपैकी कोणतीच नाही. तिथे हा शब्द चपखल बसला. आपल्या थ्री-फेजमध्ये तो थोडा ताणला गेला, कारण 'उतेर'मध्ये निवड दोघांतलीच असते. मराठीत येऊन मात्र या नपुंसक शब्दाने लिंग बदलले. कोणताही वायरमन 'न्यूट्रल तुटली' असेच म्हणेल, कारण ती तार आहे.

अमेरिकेतल्या घरात एका बाजूच्या उपकरणांनी १० अँपिअर घेतले आणि दुसऱ्या बाजूच्या उपकरणांनी ७, तर मधल्या तारेतून फक्त फरकाचे ३ वाहतात. दोन्ही बाजू समान असतील तर काहीच वाहत नाही. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. ती तुटली म्हणजे तिचे मोल कळते. दोन्ही बाजूंची उपकरणे मग २४० व्होल्टवर एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि दाब त्यांच्यात असमान वाटला जातो. एका खोलीतले दिवे मंद होतात आणि दुसऱ्या खोलीतले डोळे दिपवू लागतात. आपल्या वस्तीतली न्यूट्रल तुटल्यावर काही घरांतले टीव्ही आणि फ्रिज जळतात, त्यामागेही हेच गणित आहे. फक्त आपल्याकडे वाटला जाणारा दाब ४०० व्होल्टचा असतो.

आता खांबावरच्या पेटीच्या नावाकडे. लंडनमध्ये १८८३ मध्ये गोलार आणि गिब्ज यांनी ती दाखवली तेव्हा तिला 'सेकंडरी जनरेटर' म्हणत. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी १८८५ मध्ये तिला कामाचे रूप दिले. 'ट्रान्सफॉर्मर' हा शब्द ब्लाथीच्या नावावर मांडला जातो. अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने मार्च १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या गावात ट्रान्सफॉर्मर लावून दुकाने उजळली. हिंदीने या शब्दाचे 'परिणामित्र' केले. परिणाम म्हणजे रूपांतर हा संस्कृत अर्थ हिंदी परिभाषेने जागवला. मराठी माणसाला मात्र परिणाम म्हटले की औषधाचाच आठवतो. मराठीने वेगळी वाट धरून 'रोहित्र' घेतले. रुह् म्हणजे चढणे, वाढणे. गाण्यातले आरोह आणि अवरोह याच धातूचे. म्हणजे दाब चढवण्याचे साधन. आपल्या डोळ्यांपुढची रोहित्रे दाब उतरवतात, हे खरे. तरी वीजकेंद्राच्या दारातले पहिले रोहित्र चढवणारेच असते. त्यामुळे शब्दाला खोटे ठरवता येत नाही.

रोहित्रातला 'इत्र' हा प्रत्यय मला फार आवडतो. साधन सांगणारा हा प्रत्यय पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात नोंदवला आहे. अरित्र म्हणजे वल्हे, खनित्र म्हणजे खणायचे अवजार, लवित्र म्हणजे विळा. धवित्र म्हणजे यज्ञातला अग्नी फुलवायचा पंखा. जनित्र हा शब्द ऋग्वेदात जन्मस्थानासाठी येतो. तो जनरेटरसाठी घेतला गेला. मोटारीला चलित्र केले, कंडेन्सरला धारित्र. वल्हे आणि विळा ज्या साच्यातून निघाले, त्याच साच्यातून रोहित्र निघाले. असा शब्द भाषेला जड होत नाही.

पण गावात रोहित्र कोण म्हणतो? गावात 'डीपी' म्हणतात. 'डीपी जळाली', 'डीपीवर लोड आलाय', 'डीपीपाशी थांब'. डीपी म्हणजे 'डिस्ट्रिब्यूशन पॉइंट' असे कोणी सांगतात. मला दुसरे स्पष्टीकरण जास्त पटते: आपल्याकडचा रोहित्राचा मांडव दोन खांबांवर उभारतात, आणि लाइनवाले त्या रचनेला 'डबल पोल' म्हणतात. खांबांचे नाव खांबांवर बसलेल्या वस्तूला चिकटले. भाषेत हे नेहमी होते. दिव्यासाठी आलेली वीज अजून आपल्याकडे 'लाइट' आहे, आणि विदर्भात ती 'लाइन' आहे. वीज गेली की तिकडे 'लाइन गेली'. अमेरिकेचे लाइनमन आपल्या पिंपाला 'पोल पिग' म्हणतात, खांबावरचे डुक्कर. तिथे 'डबल पोल'चा खांबाशी काही संबंध नाही. दोन्ही टोकांच्या तारा एकदम तोडणाऱ्या ब्रेकरचे ते नाव आहे.

राहिला 'स्प्लिट'. हा शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला. मराठी घरांत तो एसीमुळे पोचला: पेटीचा एक भाग खोलीत, एक बाहेर. तिथे एका वस्तूचे खरेच दोन भाग होतात. पंख्यातही होतात. पंख्याच्या मोटारीत दोन वेटोळी असतात; एकाला वीज थेट मिळते, दुसऱ्याला कंडेन्सरमधून. कंडेन्सरमुळे दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह पहिल्याच्या सुमारे पाव फेरा पुढे धावतो. एकाच फेजमधून निघालेले दोन प्रवाह वेगवेगळ्या वेळी शिखरावर पोचू लागले की चुंबकीय क्षेत्र गोल फिरते आणि पंखा सुरू होतो. कंडेन्सर खराब झाला की तोच पंखा नुसता गुणगुणत राहतो. याला म्हणावे फेज फोडणे. दोन तारांवर अडकलेली थ्री-फेज मोटार चालवायला शेतकरी जे मोठे कंडेन्सर लावतात, तेही हेच. पिकाला पाणी देण्याच्या निकडीत शोधलेला तो उपाय मोटारीला सोसत नाही, ती तापते. पण 'स्प्लिट-फेज' या शब्दाचा तो शब्दशः आचार आहे.

अमेरिकेच्या घरातली मधल्या तारेची युक्ती आपल्याकडे घरांत नाही, पण रेल्वेत आहे. रुळांना मधली तार मानायचे, डोक्यावरची तार एक टोक आणि शेजारून जाणारी फीडर तार दुसरे टोक. प्रत्येक टोक रुळापासून २५,००० व्होल्टवर, दोन टोकांमध्ये ५०,०००. इंजिनाला २५,००० च मिळतात, पण वीज दूरवर पोचते ५०,००० ने. सनबरीच्या एडिसनचाच हिशेब. आपल्या देशात बीना-कटनी मार्गावर ही पद्धत आधी आली, आणि दादरीहून जवाहरलाल नेहरू बंदराकडे येणारा मालगाड्यांचा खास मार्गही याच पद्धतीचा आहे. रेल्वेचे इंजिनिअर तिला स्प्लिट-फेज म्हणत नाहीत. ते म्हणतात '२ × २५', टू इन्टू ट्वेंटी-फाइव्ह. हे नाव मला नामी वाटते: आकडे खरे आहेत आणि फेजचे नाव उगाच घेतलेले नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनाही या फरकाची झळ लागते. मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत बऱ्याचदा थ्री-फेजचा पुरवठा असतो आणि प्रत्येक सदनिकेला त्यातल्या दोन तारा व न्यूट्रल मिळते. पेटी उघडली तर अगदी स्वतंत्र घरासारखीच दिसते. पण तिथल्या दोन तारा खऱ्या अर्थाने दोन फेज आहेत, १२० अंशांच्या अंतराच्या. त्यामुळे त्यांच्यात २४० नाही, २०८ व्होल्ट असतात. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते, म्हणून २४० साठी बनवलेली शेगडी तिथे तीन चतुर्थांश ताकदीवरच चालते.

मराठीत या पद्धतीला नाव द्यायचे तर 'स्प्लिट'चे भाषांतर करत बसू नये. 'एककला मध्यतार' म्हणावे. पुस्तकात ते चालेल आणि वायरमनलाही समजेल. त्याहून मोठे काम आपल्या गावचे शब्द गोळा करण्याचे आहे. तुमच्याकडे रोहित्राला, फेजला, न्यूट्रलला, तुटलेल्या तारेला काय म्हणतात ते लिहून ठेवा. शब्दासोबत तालुका लिहा, आणि बोलणाऱ्याने तो शब्द तारेसाठी वापरला की दाबासाठी, तेही लिहा.